क्लच सुनेच्या हातात

बूट आले तेव्हा खोका एवढा मोठा होता की सासूबाईंना वाटलं, मिक्सर आला. उघडून बघतात तर गुडघ्यापर्यंतचे काळे बूट, बाजूला चार-चार बकलं, नडगीवर जाड कडक पत्रा आणि तळ ट्रॅक्टरच्या टायरसारखा. "हे पायात घालायचं, का पायांनी ह्यात राहायला जायचं?" त्यांनी विचारलं.

सून म्हणाली, नवे बूट कडक असतात, आधी घरात वापरून मऊ करावे लागतात. मग पंधरा दिवस ती कामावरून आली की बूट चढवायची आणि त्याच पायांनी भाजी चिरायची, कपडे वाळत घालायची, जिना चढायची-उतरायची. चालताना करकर वाजायचं. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई एकदा वर येऊन विचारून गेल्या, घरात कुणाच्या पायाला प्लास्टर आहे का.

ती हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. सतरा वर्षं तेच काम. दिवसाला वीस-पंचवीस मोडकी हाडं नजरेखालून जायची, त्यामुळे तिने मोटरसायकल घ्यायचं ठरवलं तेव्हा आधी संरक्षणाचं सामान घेतलं आणि गाडी मागाहून. छातीचं कवच, कोपरांचे आणि गुडघ्यांचे पॅड, पुढे छज्जा असलेलं हेल्मेट, धुळीचा गॉगल, हातमोज्यांचे दोन जोड. दुकानात ती वस्तूंची नावं घ्यायचीच नाही. "नडगीसाठी काय आहे? बरगड्यांसाठी?" असं विचारायची. दुकानदार आधी हसायचा, मग हसेनासा झाला.

"एवढं अंगावर चढवायचं म्हणजे पडायचीच तयारी," नवरा म्हणाला. तो औषधांच्या दुकानात बसायचा. गाडीवर मागे बसला तरी त्याला मळमळायचं.

"मग? न पडता कोण शिकलंय?" ती म्हणाली.

गाडी उंच, सडपातळ, खाचांच्या टायरची होती. डांबरी रस्त्यावर चालायची आणि डांबर संपलं की जास्त बरी चालायची.

हा नाद तिला लावला सासऱ्यांनी. सासरे वीज खात्यात लाइनमन होते. पस्तीस वर्षं उच्च दाबाच्या लाइनीखालून डोंगरातल्या कच्च्या वाटांवर एका लहानशा मोटरसायकलवर फिरले होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी सगळे त्यांना लाइनमनच म्हणायचे. गाडीही तीच होती. तिचा एकही भाग मूळचा उरला नव्हता, पण लाइनमनच्या मते गाडी तीच. पायात कापडी बूट, डोक्यावर रंग उडालेलं हेल्मेट, बाकी काही नाही. सुनेचं सामान पाहून ते म्हणाले होते, "मी खांबावर चढायचो तेव्हा कमरेला एक पट्टा असायचा. तोही दर वेळी बांधायचोच असं नाही."

चार वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या रस्त्यावरचा पूल खचला आणि सहा महिने मातीच्या वळणरस्त्याने जावं लागलं. सून स्कूटरवरून दोनदा घसरली. तिसऱ्या दिवशी लाइनमननी तिला आपल्या गाडीवर बसवून मोकळ्या मैदानात नेलं. पायाच्या दांड्यांवर उभं राहायचं, गुडघे सैल सोडायचे, हँडल गच्च धरायचं नाही, नजर लांब ठेवायची. खडकाळ वाट लागली की टायरमधली थोडी हवा काढायची. मुळाक्षरं गिरवून घ्यावीत तसं त्यांनी हे तिच्याकडून करून घेतलं. पूल दुरुस्त झाला, स्कूटर विकली गेली, आणि महिन्यातून दोन रविवार दोघं डोंगरात जाऊ लागले.

घरात दोघांचं बोलणं जेमतेम. पेपर कुठाय, गॅस बंद केलास का, एवढंच. बाहेर मात्र ते वाटांबद्दल भरपूर बोलायचे आणि ती ऐकायची. कुठला टॉवर कुठल्या साली उभा राहिला, कुठल्या वळणावर पाणी वाट खाऊन टाकतं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. टॉवरांची ओळख ते नंबरावरून सांगायचे, लोक शेजाऱ्यांची सांगतात तशी.

गेल्या वर्षभरात तिच्या एक गोष्ट लक्षात आली. लाइनमन फार थांबायला लागले होते. पूर्वी चढ संपल्याशिवाय थांबायचे नाहीत. आता दर दोन किलोमीटरला गाडी उभी करून म्हणायचे, "इथून बघ काय दिसतं." दिसायचं काहीच नाही. ती झुडपांकडे बघायची, आणि तेवढ्यात ते डावा हात काखेत दाबून उभे राहायचे. चहाचा कप उजव्या हाताने उचलायला लागले होते, आणि ते डावरे होते.

एका रविवारी दुपारी एक्स-रे विभागात कुणी नव्हतं तेव्हा ती त्यांना घेऊन गेली. हात पाटीवर ठेवायला लावला, तीन बाजूंनी फोटो काढले. मग पडद्यावर बघितलं. मनगटातलं होडीच्या आकाराचं छोटं हाड मधोमध तुटलेलं होतं. दोन तुकडे, कडा गुळगुळीत झालेल्या. सांधा चहूबाजूंनी झिजलेला.

"बाबा, हे केव्हा मोडलं?"

"मोडलं कुठे? खांबावरून पडलो होतो तेव्हा मुरगळलं होतं. सव्विसाव्या वर्षी."

"मुरगळलं नव्हतं. मोडलं होतं. जुळलंच नाही."

लाइनमननी चष्मा वर करून पडदा नीट पाहिला. "चाळीस वर्षं चाललं की मग."

"चाललं. आता चालणार नाही. डॉक्टरांना दाखवायला हवं."

"दाखवू. आधी दोनशे चौदा बघून येऊ." दोनशे चौदा हा डोंगराच्या अगदी माथ्यावरचा टॉवर. लाइनमन नोकरीला लागले त्या वर्षी उभा केलेला. आता नवी लाइन दुसरीकडून गेली होती आणि जुने टॉवर पुढच्या महिन्यात उतरवणार होते. "फोटो तू काढलास, तूच बघितलास. पंधरा दिवस तुझ्याजवळच राहू दे. हिला नको सांगूस, ती गाडीची किल्ली विहिरीत टाकेल."

"इथे विहीर कुठे आहे?"

"ती खणेल."

सुनेने हो म्हटलं. नंतर तिने स्वतःला विचारलं की आपण हो का म्हटलं, तेव्हा चांगलं कारण सापडलं नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय फोटो काढायचा नाही असा नियम होता, तो तिने मोडला होता. गप्प राहणं तिच्याही सोयीचं होतं. आणि तिला दोनशे चौदा बघायचा होता. तो एकच टॉवर तिचा बघायचा राहिला होता.

पुढच्या रविवारी सकाळी ते निघाले. चाळीस किलोमीटर डांबर, मग पेट्रोल पंपाच्या मागून कच्ची वाट, पुढे खात्याचं लोखंडी फाटक. फाटकाशी थांबून तिने दोन्ही गाड्यांच्या टायरमधली हवा काढली आणि गेज लावून मोजली. लाइनमन अंगठ्याने टायर दाबून "बस" म्हणाले. गेज आणि अंगठा यांचं बहुतेक वेळा एकच म्हणणं असायचं. त्या दिवशीही तसंच झालं.

ओढा ओलांडताना पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत आलं. पुढचा चढ सैल दगडांचा होता. लाइनमन चार वेळा थांबले. दर वेळी "इथून बघ" म्हणाले आणि तिने बघितलं. आता दोघांनाही माहीत होतं, तरी म्हणायचं ते म्हणून झालं.

टॉवरपाशी पोचल्यावर तिला वाटलं, ते काहीतरी बोलतील. लाइनमन चारही पायांना एकेक फेरी मारून आले. खालच्या एका नटावर हात ठेवला, गंज बोटाला लागला तो पॅंटला पुसला. तारा काढून नेल्या होत्या, त्यामुळे टॉवर नुसताच उभा होता. वारा होता.

"हललेला नाही," ते म्हणाले.

मग दोघांनी डबा खाल्ला आणि परत निघाले.

ती पुढे होती. उतारावर एका वळणाशी बारीक खडी पसरली होती. चार वर्षांत लाइनमननी तिला शंभरदा सांगितलं असेल की खडीवर पुढचा ब्रेक दाबायचा नाही. ती जाणून होती, आणि तिने दाबला. पुढचं चाक निसटलं. ती उजव्या खांद्यावर एका दगडावर आदळली आणि गाडी तिच्या पायावर येऊन पडली. खांद्यात काडी मोडावी तसा आवाज झाला. तो तिला बाहेरून नाही, आतून ऐकू आला.

लाइनमननी आपली गाडी लावली नाही, सरळ आडवी टाकली आणि धावत आले. तिचा पाय गाडीखाली होता, पण बुटाच्या आत शाबूत होता. बोटं हलत होती. त्यांनी हँडल आणि मागची दांडी धरून गाडी उचलली. एकशे तीस किलो. ती पूर्ण बाजूला होईपर्यंत त्यांनी धरून ठेवली आणि मग डाव्या हाताकडे बघत तिथेच खाली बसले.

"काय झालं?" तिने विचारलं.

"माझं राहू दे. तुझं काय?"

तिने डाव्या हाताची बोटं कवचाखाली सरकवून चाचपलं. "कॉलरबोन. उजवं. मधोमध. कातडी फाटलेली नाही."

"तुझं तुलाच कळलं?"

"दिवसाला दोन तरी बघते."

खांद्यावर पॅड होता, पण ह्या हाडाला कुठलंच पॅड नसतं. हाताचा धक्का खांद्यात जातो आणि खांद्याचा ह्या हाडात. हेही तिला ठाऊक होतं. लाइनमननी गळ्यातल्या मफलरची झोळी केली, तिने तोंडाने सांगत ती बांधून घेतली. उजवा हात छातीशी पक्का झाला. दुखत होतं, पण श्वास घेता येत होता.

मग तिने त्यांचं मनगट मागून घेतलं. ते फुगलं होतं. बोटं अर्धवट मिटत होती, पुढे नाही. फोनला रेंज नव्हती. डांबर एकोणीस किलोमीटरवर. ह्या वाटेने आठवड्यात एखादा माणूस आला तर आला. दुपारचे दोन वाजले होते.

तिची गाडी त्यांनी झाडाला टेकवून कुलूप लावलं. लाइनमननी आपली उभी केली, वर बसले आणि क्लच दाबून पाहिला. दांडी हलली नाही. दुसऱ्यांदा त्यांनी दात आवळून दाबला आणि हात झटकन मागे घेतला.

"उतार आहे तोवर क्लचशिवाय नेतो," ते म्हणाले. "गिअर तसेही पडतात. पुढे फाटकाशी चढ आहे, तिथे बघू."

"आणि ओढ्यात?"

त्यांनी क्लचची दांडी पुन्हा एकदा चाचपली.

"बाबा, माझा डावा हात चांगला आहे."

लाइनमननी आधी हँडलकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे. गाडी लहान होती. मागे बसणाऱ्याने पुढच्याला अगदी चिकटून हात लांब केला तर डाव्या मुठीपर्यंत पोचेल. ते दोघांच्याही एकदमच लक्षात आलं, आणि दोघंही थोडे थांबले. लग्न होऊन ती ह्या घरात आली त्याला एकोणीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिने सासऱ्यांच्या पाठीला हात लावला नव्हता. लावायची वेळच आली नव्हती.

"बस," ते म्हणाले. "जवळ बस, नाहीतर पोचायचा नाही."

ती बसली. हनुवटी त्यांच्या खांद्यावर टेकली, डावा हात त्यांच्या काखेखालून पुढे काढून क्लचवर ठेवला. त्यांनी डाव्या हाताचं कोपर हँडलवर टेकवलं, उजव्या हाताने ॲक्सिलरेटर धरला.

"मी 'दाब' म्हटलं की दाबायचा, 'सोड' म्हटलं की सोडायचा. हळू. दाब."

तिने दाबला. त्यांनी गिअर टाकला.

"सोड."

गाडीने गचका दिला आणि बंद पडली. तिच्या खांद्यात कळ गेली, ती ओरडली नाही पण डोळ्यांपुढे पांढरं झालं.

"हळू, बाई! पाखरू सोडत नाहीयेस. स्वतःच्या गाडीवर कशी सोडतेस?"

"स्वतःच्या गाडीवर गिअर माझ्याच पायात असतो!"

तीनदा बंद पडली. चौथ्यांदा निघाली. पहिले दोन-तीन किलोमीटर ते मोठ्याने "दाब" आणि "सोड" म्हणत होते. मग नुसतं "हं" आणि "हां" उरलं. मग तेही कमी झालं. गिअर बदलायच्या आधी त्यांचा डावा गुडघा जरासा वर यायचा, तो तिच्या गुडघ्याला कळायचा आणि ती दाबायची. सोडताना त्यांच्या छातीतला श्वास बाहेर पडायचा, त्यावर ती सोडायची. खड्ड्यातून जाताना दोघांनाही लागायचं आणि दोघंही एकाच वेळी कण्हायची.

ओढ्याच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवली. "मध्ये बंद पडलो तर संपलं. पाण्यात मला पाय टेकून उचलता यायची नाही."

"मग थांबलात कशाला? चला," ती म्हणाली.

पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून ठेवून त्यांनी गाडी पाण्यात घातली. मध्यावर मागचं चाक एका दगडावरून घसरलं आणि इंजिन गुदमरलं. लाइनमन काही बोलायच्या आत तिने क्लच पूर्ण दाबला, त्यांनी रेस वाढवली, तिने हळूच सोडला. गाडी पलीकडच्या काठावर चढली. दोघांपैकी कुणीही शाबासकी दिली नाही. फाटकाशी तिने उतरून एका हाताने कडी काढली.

पेट्रोल पंपावर पोचले तेव्हा साडेचार झाले होते. पंपावरच्या माणसाने चिखलाने भरलेली, एकेक हात निकामी झालेली ही जोडी पाहिली आणि खुर्ची आणायला धावला. "एवढ्या अवस्थेत चालवत कोण होतं?"

"अर्धी मी," लाइनमन म्हणाले, "अर्धी ही."

नवरा मित्राची चारचाकी घेऊन तासाभरात आला. हॉस्पिटलात तिच्याच विभागात तिला टेबलावर झोपवलं. बूट काढायला दोन नर्स लागल्या. तिच्या सहकारी बाईने फोटो काढला. हाड मधोमध, तिने सांगितलं होतं तिथेच मोडलं होतं. मग लाइनमनचं मनगट. डॉक्टरांनी यंत्रात त्यांचं नाव घातलं, तर त्याच मनगटाचे तीन फोटो आधीच तिथे होते, आठ दिवसांपूर्वीचे. चिठ्ठी नाही. डॉक्टरांनी पडद्यावरून नजर काढून सुनेकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही. दाराशी सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

रागवायचं तर त्या लाइनमनना रागावतील असं सगळ्यांना वाटलं. त्या सुनेच्या खाटेशी आल्या.

"ह्यांचं मला काही वाटत नाही," त्या म्हणाल्या. "हे चाळीस वर्षं मला काहीच सांगत नाहीत. विजेचा झटका बसलेला मला दुसऱ्याकडून कळला होता. तू सांगायला हवं होतंस. मी तुझ्या जिवावर निवांत होते, की ही बरोबर आहे, हिला हाडातलं कळतं."

"चुकलं, आई."

"हो. चुकलं."

त्यानंतर तीन आठवडे सासूबाईंनी तिचे केस विंचरले, वेणी घातली, ब्लाउजचे हूक लावले, जेवणाचं ताट मांडीवर आणून दिलं. कामापुरतं बोलल्या. सुनेला खांद्यापेक्षा हे जास्त जड गेलं. चौथ्या आठवड्यात एका दुपारी वेणी घालता घालता सासूबाईंनी विचारलं, "ओढ्यात खरंच बंद पडत आली होती?"

"बाबांनी सांगितलं?"

"रोज सांगताहेत. मला आता तो ओढा पाठ झालाय."

मग सुनेने आपल्या बाजूने सांगितलं. सासूबाई ऐकत राहिल्या आणि वेणी दोनदा सोडून दोनदा घातली.

हॉस्पिटलकडून सुनेला लेखी ताकीद आली. तिने सही करून ती स्वीकारली, उत्तर दिलं नाही. तिची गाडी नवऱ्याने मेकॅनिकला बरोबर नेऊन टेम्पोत घालून आणली. वाटेत त्याला तीनदा मळमळलं. लाइनमनच्या मनगटात धातूची पट्टी आणि स्क्रू घालून सांधा कायमचा बंद केला. आता ते दुखत नाही आणि वळतही नाही. क्लच दाबता येतो, बोटं चालतात. डॉक्टर म्हणाले, डांबरी रस्त्यावर हरकत नाही. लाइनमननी एकदा भाजी आणायला गाडी नेली, परत आले आणि किल्ली खिळ्याला अडकवली. पुन्हा काढली नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आता कुणी विचारतही नाही.

सून पाच महिन्यांनी पुन्हा मातीत उतरली. एकटी जाणं तिला फारसं आवडलं नाही. तेवढ्यात अस्थिविभागातल्या एका नर्सने, बूट काढणाऱ्या दोघींपैकी एकीने, विचारलं, "मला शिकवाल का?" सुनेने आधी तिला बुटांच्या दुकानात नेलं.

मग एका रविवारी सगळे मैदानात गेले. लाइनमन घडीच्या खुर्चीवर बसून सूचना देत होते. सुनेपेक्षा मोठ्या आवाजात. सासूबाईही आल्या होत्या, पहिल्यांदाच. पदर खोचून, हातात थर्मास घेऊन खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या. नर्स पहिल्या तासात सहा वेळा पडली. सहाव्या वेळी गाडी एकीकडे आणि ती दुसरीकडे गेली. सासूबाई थर्मास खाली ठेवून पुढे धावल्या, पण नर्स तोवर उठून गाडी उचलत होती आणि हसत होती.

सासूबाई परत आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्या पोरीचं कोपर फार बाहेर येतंय," त्या म्हणाल्या.

लाइनमननी वळून त्यांच्याकडे पाहिलं. कोपर खरंच बाहेर येत होतं. त्यांनी तसं ओरडून सांगितलं, आणि नर्सने कोपर आत घेतलं.

"पुढच्या रविवारी अजून एक खुर्ची आणा," सासूबाई म्हणाल्या आणि कपात चहा ओतायला लागल्या.